डोमेन सर्व्हरचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड कुणालाच आठवत नाही, फॉरमॅट न मारता आत जाता येईल का?

पॅकहाऊस_दिंडोरीरोड

नमस्कार मंडळी. नाशिकला दिंडोरी रोडवर द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. सर्व्हर डेलचा पॉवरएज टी१४०, विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड, २ टीबीच्या दोन डिस्क मिरर केलेल्या (दोन्हींवर एकच डेटा). डोमेन, म्हणजे सगळ्या पीसींची खाती आणि पासवर्ड एकत्र सांभाळणारी व्यवस्था, तीही याच डब्यावर आहे, ती चालवणारा दुसरा सर्व्हर (डोमेन कंट्रोलर) नाही. नऊ पीसी जोडलेत. टॅली, काट्याच्या नोंदी, ग्रेपनेटला (द्राक्ष निर्यातीच्या नोंदींची सरकारी साइट) लागणारी बागांची कागदपत्रं, कंटेनरनिहाय फाइली, सगळं याच्याच शेअर फोल्डरमध्ये.

हंगाम संपल्यावर मेमध्ये सर्व्हर बंद करून प्लगही काढून ठेवला होता. आता डिसेंबरात चालू केला तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. सेटअप करणाऱ्या मुलाने फोनवर तीन अंदाज सांगितले, तिन्ही चुकले. पंधरा-वीस वेळा टाकून झालाय. खातं लॉक झालं असेल का?

जवळचा दुकानदार म्हणतो, डेटा काढून घेऊ, फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू, एका दिवसात मोकळे. खरंच इतकं सोपं आहे का?

अजून एक भानगड, हिचा याच्याशी संबंध आहे की नाही कळत नाही. तीन पीसींची तारीख आपोआप मागे जाते. बरोबर केली तरी रीस्टार्टनंतर पुन्हा २०१९. त्या पीसींवर ग्रेपनेटची साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. बाकीच्या काही पीसींवर शेअर फोल्डर उघडताना वेळेत आणि तारखेत फरक असल्याचा मेसेज येतो.


सर्व्हरवाला_सातपूर

ताई, फॉरमॅट अजिबात नको. डेटा वाचेल, पण डोमेन जाईल. नव्या विंडोजवर तेच नाव देऊन डोमेन उभं केलं तरी आतली ओळख, म्हणजे एसआयडी, वेगळी असते. मग नऊच्या नऊ पीसी काढून पुन्हा जोडायचे, प्रत्येकाचं प्रोफाइल नव्याने बनणार, डेस्कटॉप रिकामा दिसणार, आणि शेअर फोल्डरच्या परवानग्यांत माणसांच्या नावांऐवजी "एस-१-५-२१" ने सुरू होणारे लांबलचक आकडे उरतील. एक दिवस नाही, आठवडा जातो, तोही हंगामाच्या तोंडावर.

तुमची दुसरी भानगड मला जास्त महत्त्वाची वाटते. सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा बटण सेल गेलाय. सात महिने प्लग काढलेला, म्हणजे घड्याळ फक्त त्या सेलवर चालणार. तो संपला की बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) जुन्या तारखेला जातं. डोमेनमधले पीसी वेळ सर्व्हरकडून घेतात, म्हणून त्यांची तारीख मागे पडते. मागच्या तारखेत साइटचं सर्टिफिकेट अजून "सुरू झालेलं नसतं", म्हणून ब्राउझर ओरडतो. ज्या पीसींनी अजून वेळ घेतलेली नाही त्यांचं सर्व्हरशी ५ मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडतं, आणि कर्बेरोस, म्हणजे डोमेनची ओळख तपासणारी पद्धत, तेवढं चालवून घेत नाही. सर्व्हरला इंटरनेट असलं तरी ही चूक आपोआप सुधारत नाही, कारण डोमेन कंट्रोलर मुळात ४८ तासांपेक्षा मोठी दुरुस्ती स्वीकारत नाही.

लॉकबद्दल काळजी करू नका. डोमेनच्या मूळ धोरणात लॉकआउटची मर्यादा ० असते, म्हणजे कितीही चुका केल्या तरी खातं बंद होत नाही. कोणी मुद्दाम बदललं असेल तरच.

आधी एवढं बघून सांगा:

लॉगिनच्या चौकटीत खाली "साइन इन टू" समोर काय लिहून येतं? डोमेनचं नाव आलं पाहिजे.

कोपऱ्यात भाषा कोणती आहे? मराठी इनस्क्रिप्ट असेल तर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात आणि चूक कळत नाही. इंग्लिश यूके असेल तर ॲट आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते. यूजरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी बघा आणि खोडा. नम लॉकही बघा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, चालू आहे का? चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागेल. ती नसेल तर पुढचं काहीच चालणार नाही.

आणि दुसरं एखादं खातं डोमेन ॲडमिन्समध्ये आहे का? बऱ्याचदा बॅकअपसाठी किंवा टॅलीवाल्यासाठी वेगळं खातं काढलेलं असतं आणि त्याला सगळे अधिकार देऊन ठेवलेले असतात. तसं असेल तर त्यातून शिरून दोन मिनिटांत पासवर्ड बदलता येतो.


पंचवटी_एक्सप्रेस

पुढे जायच्या आधी एक गोष्ट. मालकाच्या सहीचं पत्र लेटरहेडवर घ्या: अमुक सर्व्हर आमच्या मालकीचा आहे, त्याचा पासवर्ड बदलायला अमुक व्यक्तीला परवानगी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ताई स्वतःच्याच ऑफिसचं करताहेत हे दिसतंय, पण बाहेरचा माणूस हात लावणार असेल तर त्यालाही या कागदाचा आधार राहतो.


पॅकहाऊस_दिंडोरीरोड

पत्र आजच करून घेते. भाषा इंग्लिश यूएस आहे, डोमेनचं नाव येतं, यूजरनेममध्ये टाइप करून बघितलं, अक्षरं बरोबर. बिटलॉकर लावलं नव्हतं असं सेटअपवाला म्हणतो. दुसरं ॲडमिन खातं नाही. आणि हो, लॉक स्क्रीनवर तारीख २०१९ चीच आहे!


अंबड_लिंकरोड

एवढा घोळ कशाला? हिरेनच्या (दुरुस्तीची टूल्स असलेल्या) पेनड्राइव्हवरून बूट करा, पासवर्ड काढायचं टूल चालवा, ॲडमिनिस्ट्रेटर निवडा, क्लियर करा. पाच मिनिटं.


सर्व्हरवाला_सातपूर

साध्या पीसीवर चालतं, इथे नाही. ती टूल्स सॅम, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या खात्यांच्या फाइलमधला पासवर्ड पुसतात. डोमेन कंट्रोलरवर लॉगिनची खाती सॅममध्ये नसतात, एनटीडीएस डॉट डिट या फाइलमध्ये असतात. डोमेन कंट्रोलरच्या सॅममध्ये एकच उपयोगाचा ॲडमिनिस्ट्रेटर उरतो, तो डीएसआरएम म्हणजे डिरेक्टरी दुरुस्तीच्या मोडमधला. टूल "यशस्वी" म्हणतं, तुम्ही रीस्टार्ट करता, आणि जुनाच पासवर्ड मागितला जातो. वर डीएसआरएमचा पासवर्ड कोरा होऊन बसतो, तो वेगळा धोका.

ताई, क्रम असा ठेवा: आधी घड्याळ, मग पासवर्ड. उलटं केलं तर काय होतं बघा. घड्याळ २०१९ मध्ये असताना पासवर्ड बदलला तर "पासवर्ड कधी बदलला" याची नोंद २०१९ ची होते. नंतर तारीख सरळ केली की डोमेनच्या मूळ धोरणातले ४२ दिवस केव्हाच उलटलेले असतात आणि नवा कोरा पासवर्ड मुदत संपलेला ठरतो. माणूस पुन्हा बदलून घेईल, पण त्या खात्यावर चालणाऱ्या सर्व्हिसेस गप बसतील.

सेल सीआर २०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. सर्व्हर आता लॉगिनशिवाय बंद करायचाय, तर पॉवर बटण एकदाच दाबून सोडा, धरून ठेवू नका. एकदा दाबल्यावर विंडोज स्वतः नीट बंद होतं. दोन-तीन मिनिटांत बंद झाला नाही तर लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यातलं पॉवरचं चिन्ह दिसतंय का बघा. सेल काढायच्या आधी एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि बूट सेटिंग्ज, साटा सेटिंग्ज या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बूट मोड यूईएफआय आहे की बायोस, आणि साटा मोड रेड आहे की एएचसीआय, हे दोन फोटोत स्पष्ट आले पाहिजेत. मग केबल काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, आणि सेल बदला. अधिकची बाजू वर. चालू करून पुन्हा एफ२, फोटोशी ताडून बघा, मिसलेनियस सेटिंग्जमध्ये भारतीय वेळ आणि आजची तारीख टाका. विंडोज बायोसची वेळ स्थानिक वेळ समजून घेतं, तेव्हा जीएमटी वगैरे हिशेब करत बसू नका.

हे सगळं यूपीएसवर. यूपीएसही सात महिने बंद असेल तर आदल्या दिवशी चार्जिंगला लावून ठेवा.


गोदाकाठ

आता पेनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून सर्व्हर २०१९ ची इव्हॅल्युएशन आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) घ्या. ती १८० दिवसांची चाचणी आवृत्ती असते, पण आपल्याला इन्स्टॉल करायचंच नाही, फक्त तिची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) हवीय. पेनड्राइव्ह ८ जीबीचा, रुफस या प्रोग्रामने बनवा, जीपीटी आणि यूईएफआय निवडा. रुफस नवीनच घ्या, जुन्याने बनवलेला पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू असताना उठत नाही. सर्व्हर चालू होताना एफ११ दाबला की बूट मॅनेजर येतो, त्यात पेनड्राइव्ह निवडायचा.

सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरच्या रिकव्हरीतून जाऊ नका. ती काळी खिडकी उघडायच्या आधी ॲडमिनचाच पासवर्ड मागू शकते, म्हणजे घराची किल्ली घरातच. पेनड्राइव्हवरच्या सेटअपमध्ये भाषा निवडायचं पहिलं पान आलं की शिफ्ट आणि एफ१० दाबा, खिडकी उघडेल. "इन्स्टॉल नाऊ"ला हात लावू नका.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा. पहिल्यांदा ड्राइव्हचं अक्षर शोधायचं:

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

इथे विंडोजचं अक्षर नेहमीचं सी असेलच असं नाही, बऱ्याचदा डी असतं. खात्रीसाठी:

डिर डी:\विंडोज\एनटीडीएस

यात एनटीडीएस.डिट दिसली की हीच ती डिस्क. मग:

डी:
सीडी \विंडोज\सिस्टम३२
रेन युटिलमन.ईएक्सई युटिलमन.बॅक
कॉपी सीएमडी.ईएक्सई युटिलमन.ईएक्सई

युटिलमन हा लॉगिन स्क्रीनवरच्या अपंग-सुविधा चिन्हामागचा प्रोग्राम. लॉगिनच्या आधी तो सिस्टमच्या अधिकाराने चालतो. त्याच्या जागी आपण काळी खिडकी ठेवली, की चिन्हावर क्लिक केल्यावर सर्वाधिकार असलेली खिडकी मिळते.


सर्व्हरवाला_सातपूर

गोदाकाठ, एक टप्पा राहिला, तो आत्ताच सांगतो नाहीतर ताई उद्या विचारतीलच. सर्व्हर २०१६ पासून डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) मुळातच बसवलेला असतो आणि त्याला ही युक्ती पाठ आहे. खिडकी क्षणभर चमकते आणि बंद होते. लोक समजतात कमांड चुकली, पुन्हा पुन्हा तेच करत बसतात.

म्हणून त्याच फेरीत डिफेंडरला बाहेरूनच झोपवायचं:

रेग लोड एचकेएलएम\टेम्प डी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टम
रेग ॲड एचकेएलएम\टेम्प\कंट्रोलसेट००१\सर्व्हिसेस\विनडिफेंड /व्ही स्टार्ट /टी रेग_डीवर्ड /डी ४ /एफ
रेग अनलोड एचकेएलएम\टेम्प

मूळ किंमत २ असते, ४ म्हणजे बंद. कंट्रोलसेट ००१ आहे की ००२ ते "सिलेक्ट" या कीमधल्या "करंट" वरून बघा, बहुतेक वेळा १ असतं. अनलोड विसरू नका. आणि हे करताना नेटवर्कची केबल काढून ठेवा, अँटिव्हायरस नसलेला सर्व्हर तासभर तरी लाइनवर नको.

मग पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट. लॉगिन स्क्रीन आल्यावर लगेच धावू नका, पाच मिनिटं थांबा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी पूर्ण उठायला वेळ लागतो, केबल काढलेली असताना जरा जास्तच. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, उजव्या कोपऱ्यातलं चिन्ह, किंवा विंडोज आणि यू ही बटणं. खिडकी उघडली की आधी:

हूॲमआय

उत्तर "एनटी ऑथॉरिटी\सिस्टम" आलं पाहिजे. मग:

नेट ग्रुप "डोमेन ॲडमिन्स"

यात खरं नाव कळतं. कोणीतरी सुरक्षेसाठी ॲडमिनिस्ट्रेटरचं नाव बदललेलं असतं आणि आपण भलत्याच खात्याचा पासवर्ड बदलत बसतो. नाव कळलं की:

नेट यूझर ॲडमिनिस्ट्रेटर *

शेवटची चांदणी महत्त्वाची. तिच्यामुळे पासवर्ड पुढच्या ओळीत विचारला जातो. टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेही नाहीत, कीबोर्ड बंद पडला असं वाटतं, तसं नसतं. पासवर्ड थेट कमांडमध्ये लिहिला आणि त्यात टक्क्याचं किंवा अँडचं चिन्ह असलं तर खिडकी त्याचा भलताच अर्थ लावते आणि तुम्हाला माहीत नसलेलाच पासवर्ड बसतो. पासवर्ड १४ अक्षरांपेक्षा मोठा असेल तर विंडोज २००० च्या आधीच्या मशीनना चालणार नाही असा इशारा येऊ शकतो, बिनधास्त वाय दाबा. धोरणात बसत नाही असा मेसेज आला तर: मूळ धोरणात किमान ७ अक्षरं, मोठी, छोटी, आकडे आणि चिन्हं यांपैकी तीन प्रकार हवेत, आणि खात्याचं नाव पासवर्डमध्ये नको.

डोमेन कंट्रोलरवर ही नेट यूझर थेट डोमेनच्या खात्यावरच काम करते. म्हणून मघाच्या टूलला जे जमत नाही ते हिला जमतं.


पॅकहाऊस_दिंडोरीरोड

सेल बदलला, तारीख बरोबर आहे, तिन्ही पीसींची तारीख तासाभरात आपोआप सुधारली. पासवर्डच्या फेरीत मात्र अडकले. लिस्ट व्हॉल्यूममध्ये पेनड्राइव्ह आणि एक्स एवढंच दिसतं. सर्व्हरच्या डिस्क दिसतच नाहीत! दुकानदार म्हणतो बायोसमध्ये साटा मोड रेडचा एएचसीआय करा, लगेच दिसतील.


सर्व्हरवाला_सातपूर

थांबा! एएचसीआय करू नका. केलं असेल तर काही न लिहिता तसंच परत रेड करा.

तुमच्याकडे परक एस१४० असणार, म्हणजे सॉफ्टवेअर रेड. रेड कार्ड वेगळं नाही, मदरबोर्डच्या साटालाच ड्रायव्हर मिरर करतो. पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे तो ड्रायव्हर नाही म्हणून डिस्क दिसत नाहीत. एएचसीआय केलं तर दोन्ही डिस्क सुट्या दिसतील, तुम्ही त्यातल्या एकीवर बदल कराल, आणि मिररच्या दोन प्रती वेगळ्या होतील. पुन्हा रेड केल्यावर कंट्रोलर कोणती प्रत खरी मानेल याचा भरवसा नाही. नव्या प्रतीवर जुनी लिहिली गेली तर तुमची मेहनत जाईल, वाईट झालं तर फाइल सिस्टमच बिघडेल.

सरळ मार्ग: डेलच्या सपोर्ट साइटवर सर्व्हिस टॅग टाका, तो डब्यावरच्या स्टिकरवर सात अक्षर-आकड्यांचा असतो. सर्व्हर २०१९ साठीचा एस१४० चा ड्रायव्हर उतरवा, दुसऱ्या पीसीवर उघडून फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. त्यात आयएनएफ शेवट असलेली फाइल असेल. काळ्या खिडकीत:

डीआरव्हीलोड ई:\परक\फाइलचंनाव.आयएनएफ

ई म्हणजे तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर. यशस्वी झाल्याचा मेसेज आला की डिस्कपार्टमध्ये "रीस्कॅन" आणि मग लिस्ट व्हॉल्यूम. एकच २ टीबीच्या आसपासची डिस्क दिसली तर मिरर शाबूत आहे. दोन दिसल्या तर काही लिहू नका, इथे विचारा.


पॅकहाऊस_दिंडोरीरोड

एकच दिसली, १८६२ जीबी.


गोदाकाठ

बरोबर आहे. २ टीबी विकणारा हजाराच्या हिशेबाने मोजतो, विंडोज १०२४ च्या. पुढे चला.


पॅकहाऊस_दिंडोरीरोड

आत गेले! रेग अनलोड "ॲक्सेस इज डिनाइड" म्हणत होतं, रेजिस्ट्रीची खिडकी उघडी राहिली होती, ती बंद केल्यावर झालं. पासवर्ड बसला, लॉगिन झालं. आता काही राहिलं का?


सर्व्हरवाला_सातपूर

ताई, खरं काम आता आहे.

सगळ्यात आधी युटिलमन परत जागेवर. तसाच ठेवला तर सर्व्हरच्या खोलीत जाणारा कोणीही एका क्लिकवर राजा. रिमोट डेस्कटॉपला नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन बंद असेल तर खोलीतही जायला नको. पुन्हा पेनड्राइव्हवरून, पुन्हा ड्रायव्हर लोड करून:

डेल युटिलमन.ईएक्सई
रेन युटिलमन.बॅक युटिलमन.ईएक्सई

उलट कॉपी करण्यापेक्षा असं नाव फिरवलेलं बरं, मूळ फाइल मूळ परवानग्यांसह येते. त्याच फेरीत विनडिफेंडची किंमत ४ ची २ करा. हे विंडोज चालू असताना करायला गेलात तर परवानगी नाही म्हणून अडवतं. लॉगिन झाल्यावर एकदा एसएफसी /स्कॅननाऊ चालवा, आणि मगच केबल लावा.

मग डीएसआरएम. हा पासवर्डही त्याच मुलाला आठवत नसणार. ॲडमिन म्हणून काळी खिडकी उघडून:

एनटीडीएसयूटिल
सेट डीएसआरएम पासवर्ड
रीसेट पासवर्ड ऑन सर्व्हर नल
क्यू
क्यू

"नल" म्हणजे हाच सर्व्हर. ॲक्टिव्ह डिरेक्टरी बिघडली तर याच पासवर्डने आत जाता येतं, म्हणून मुख्य पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.


पंचवटी_एक्सप्रेस

आणि दुसरं ॲडमिन खातं आत्ताच काढा. रोजच्या कामाला वापरू नका. दोन्ही पासवर्ड आणि डीएसआरएमचा असे तीन, कागदावर लिहून पाकीट चिकटवून मालकाच्या तिजोरीत. वर तारीख घाला. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, मोबाइल हंगामात पाण्यात पडतात.

टॅलीचा पासवर्ड मात्र या सगळ्यापासून वेगळा आहे. विंडोजचा बदलल्याने टॅलीला काही होत नाही. पण टॅलीव्हॉल्ट (टॅलीच्या डेटाचं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर त्या पासवर्डला असा मागचा दरवाजा नाही, तो विसरला की कंपनीचा डेटा उघडत नाही. तोही पाकिटात.


पॅकहाऊस_दिंडोरीरोड

युटिलमन आणि डिफेंडर परत केले, डीएसआरएम झाला. पण आज सकाळपासून दोन नव्या तक्रारी. रात्रीचा बॅकअप झाला नाही, आणि पॅकिंग हॉलमधल्या मोठ्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेलं फोल्डरमध्ये येत नाही.


सर्व्हरवाला_सातपूर

दोन्हीचं कारण एकच. बॅकअप आणि झेरॉक्स मशीन, दोघांत जुना ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड भरून ठेवलेला असणार. पण ज्याने भरला त्याला तो आठवत असेलच असं नाही, त्याने कदाचित एकदाच टाकून सोडला असेल.

बॅकअप टास्क शेड्युलरमध्ये असेल तर "लास्ट रन रिझल्ट" बघा. ०एक्स८००७०५२ई दिसला तर यूजर किंवा पासवर्ड चुकीचा. सर्व्हिस म्हणून चालत असेल तर सुरू करताना एरर १०६९ येतो आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये ७०३८. सर्व्हिसेसमध्ये "लॉग ऑन ॲज" या रकान्यावर क्लिक करून क्रमवारी लावा, ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाच्या जितक्या ओळी असतील तितक्या एकत्र दिसतात.

बाकी कोण कोण जुना पासवर्ड घेऊन दार वाजवतंय ते सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ शोधून कळेल, त्यात कुठल्या पीसीवरून किंवा कुठल्या आयपीवरून ते लिहिलेलं असतं. झेरॉक्स मशीनचा आयपी तिथे नक्की सापडेल. पीसींवर सीएमडीकी /लिस्ट चालवून साठवलेले पासवर्डही बघा.

फक्त या ठिकाणी नवा ॲडमिन पासवर्ड टाकू नका. स्कॅनसाठी साधं वेगळं खातं काढा, त्याला फक्त स्कॅन फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्या, आणि तेच मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये भरा. बॅकअपला वेगळं खातं, बॅकअप ऑपरेटर्समध्ये. या खात्यांना "पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स" टिक करा, नाहीतर ४२ दिवसांनी, म्हणजे ऐन जानेवारीच्या शेवटी, स्कॅन पुन्हा बंद.


पॅकहाऊस_दिंडोरीरोड

४६२५ मध्ये तीन आयपी निघाले. एक झेरॉक्स मशीनचा, एक बॅकअपच्या नॅसचा (नेटवर्कवरची डिस्क), आणि तिसरा काट्याच्या पीसीचा. त्यावर झेड ड्राइव्ह ॲडमिनिस्ट्रेटरच्याच नावाने जोडलेला आहे!


गोदाकाठ

तो आधी तोडा. काट्याच्या पीसीवर दिवसभर कोणीही बसतं. काट्याच्या माणसाच्या स्वतःच्या खात्याने झेड पुन्हा जोडा, आणि त्याला काट्याच्या फोल्डरपुरताच हक्क द्या.